रिमोटवरची शिडाची बोट घ्यायचीय आणि ती टिकायला हवीय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिकाऊ बोट म्हणजे नेमकं काय बघायचं?

बहुतेक जण आधी हल, म्हणजे बोटीचं मुख्य अंग, ठोकून बघतात, जाड आहे का पातळ आहे, आणि तिथेच ठरवून टाकतात. पण या बोटींचा हल फुटून बोट वाया गेली असं फार कमी वेळा होतं. बोट वाया जाते ती आत हळूहळू पाणी शिरून रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) आणि सर्वो (सिग्नलप्रमाणे सुकाणू किंवा शिडं हलवणारी छोटी मोटर) सडल्यामुळे, सुकाणूचा दांडा वाकल्यामुळे, कील (बोटीच्या खाली जाणारं, टोकाला वजन असलेलं पातं) जिथे बसते ती जागा सैल झाल्यामुळे, आणि सगळ्यात जास्त वेळा एखादा दहा ग्रॅमचा पार्ट तुटला आणि तो कुठेच मिळाला नाही म्हणून. माझ्या मते टिकाऊ बोट म्हणजे जी उघडता येते, सुकवता येते आणि जिचा प्रत्येक पार्ट वेगळा विकत मिळतो किंवा घरी बनवता येतो. बाकी सगळं त्यानंतर.

खेळण्यातली बोट आणि हॉबीवाली बोट, फरक खरंच एवढा मोठा असतो का?

हो, आणि तो दिसण्यात नसतो. खेळण्यातल्या बोटीत बऱ्याचदा शिडं नुसती शोभेला असतात आणि खाली छोटी मोटर असते, किंवा शिडं खरी असली तरी कील इतकी आखूड आणि हलकी असते की जरा वारा आला की बोट आडवी पडते ती पडूनच राहते. त्यात सर्किट बोर्ड एकच असतं, त्यावरच रिसीव्हर, त्यावरच सर्वोचा कंट्रोल, म्हणजे एक गोष्ट गेली की सगळंच गेलं.

हॉबीवाल्या बोटीत रिसीव्हर वेगळा, सुकाणूचा सर्वो वेगळा, शिडं ओढणारा सर्वो किंवा विंच (दोरी ड्रमवर गुंडाळणारा सर्वो) वेगळा, बॅटरी वेगळी, जे बिघडलं तेवढंच बदलायचं. दोन चॅनल लागतात फक्त, एक सुकाणू आणि एक शिडं. दुकानात बघताना एकच करा, वरचं झाकण उघडून आत डोकवा. सर्वोला स्क्रू दिसले आणि वायरी प्लगने जोडलेल्या दिसल्या तर बोलणी पुढे न्या, सगळं गोंदाने चिकटवलेलं असेल तर सोडून द्या.

साइज किती घ्यावी?

मोठी बोट वाऱ्यात आणि लाटेत जास्त शांत चालते आणि लांबून नीट दिसते. पण मोठी बोट म्हणजे खोल पाणी, मोठी गाडी आणि पाण्यात सोडताना जास्त वजन. आधी तुमच्याकडचं तळं किती खोल आहे ते बघा. एक मीटरवाल्या आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर, रेसच्या बोटींचा एक प्रकार, पुढे येतोच) बोटीची खोली नियमाप्रमाणे ४२० मिलीमीटरपर्यंत असू शकते, म्हणजे काठाजवळसुद्धा अर्धा मीटर पाणी हवंच, आणि गवत असेल तर त्याहून जास्त. कील पुन्हा पुन्हा तळाला आपटणं हे टिकाऊपणाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे, ते ना बॉक्सवर लिहिलेलं असतं ना कोणी सांगतं.

तीस-चाळीस सेंटीमीटरच्या छोट्या बोटी गोड दिसतात, पण वारा सगळ्यांना तोच असतो आणि लाटही तीच, त्यामुळे छोट्या बोटीला जरासा वाराही वादळ वाटतो. पहिली बोट म्हणून ६५ सेंटीमीटरच्या खाली जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो.

कोणती बोट घ्यावी, नावं सांगा ना

नाव शोधताना बोट शोधू नका, क्लास शोधा, म्हणजे एकाच नियमात बसणाऱ्या आणि एकमेकींशी रेस करणाऱ्या बोटींचा गट. ज्या बोटीच्या रेस होतात तिचे पार्ट वर्षानुवर्षं मिळतात, कारण रेसवाले सतत काही ना काही तोडत असतात आणि लगेच बदलून मागत असतात.

जॉयस्वे कंपनीची ड्रॅगन फोर्स ६५, जिला सगळे डीएफ ६५ म्हणतात, ती ६५० मिलीमीटरची, वजन सव्वा किलोच्या आसपास, जवळजवळ तयार येते आणि तिचे पार्ट सुटे मिळतात. तिचीच मोठी बहीण डीएफ ९५, लांबी ९५० मिलीमीटर. पहिल्यांदाच घेत असाल तर या दोघींमधून निवडा, आणि वारा नेहमी जास्त असलेली जागा असेल तर ९५.

आरजी ६५ हा क्लास आहे, एक ठरावीक बोट नाही. ६५० मिलीमीटर लांबी आणि शिडाच्या क्षेत्रफळाची मर्यादा पाळली की बाकी तुम्ही ठरवायचं, त्यामुळे स्वतः बांधणाऱ्यांना मजा.

लेझरची रिमोटवाली बोट आहे, खऱ्या लेझर डिंगीच्या (माणूस बसून चालवतो ती छोटी शिडाची बोट) एक चतुर्थांश आकाराची, लांबी मीटरपेक्षा थोडी जास्त. एकच शीड, पुढचं शीड नाहीच. मला ही रचना मनापासून आवडते कारण दोऱ्या कमी, अडकायच्या जागा कमी, तुटायच्या जागा कमी.

मग आयओएम, म्हणजे इंटरनॅशनल वन मीटर. हा क्लास १९८८ साली सुरू झाला. लांबी जास्तीत जास्त १००० मिलीमीटर, वजन किमान ४००० ग्रॅम, आणि फिन (कीलचं पातं) आणि बल्ब (त्याच्या खालच्या टोकाचं वजन) मिळून २२०० ते २५०० ग्रॅमच्या मधे, म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन खाली. या क्लासच्या हलमध्ये कार्बन फायबर चालत नाही, डोलकाठीही ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची. हे नियम खर्च आटोक्यात ठेवायला केले पण त्याचा फायदा टिकाऊपणाला झाला, किमान वजन ठरलेलं असल्यामुळे कोणी हल कागदासारखा पातळ करायला जात नाही. जुनी पण नीट ठेवलेली आयओएम बोट आजही पाण्यात छान चालते. पहिलीच बोट म्हणून मात्र जरा जास्त होते, हातात बसायला वेळ लागतो.

मार्बलहेड क्लास १२७० मिलीमीटरचा, जुना आणि सुंदर, पण नव्या बोटी बहुतेक कार्बनच्या आणि नाजूक असतात. टिकाऊ या शब्दावर अडून बसला असाल तर हा नंतरसाठी ठेवा.

हल प्लास्टिकचा, फायबरग्लासचा, लाकडाचा का कार्बनचा?

ब्लो मोल्ड केलेला प्लास्टिकचा हल धडक चांगली सोसतो, दबतो आणि परत येतो. त्याचा शत्रू ऊन. वर्षानुवर्षं उन्हात पडलं की प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं, आणि गडद रंगाचा हल बंद झाकणाने उन्हात ठेवला तर आतली हवा फुगून जोड उघडायला लागतात. काठावर बोट ठेवलीत की आधी पाणी ओतायच्या भोकाचं बूच काढून ठेवायचं, ही सवयच लावून घ्या.

फायबरग्लास, त्यातही इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) बनवलेला, माझी पहिली पसंती. तडा गेला तर घासायचं, कापड आणि इपॉक्सी लावायचं, एक दिवस सुकवायचं, झालं. रंग न दिलेल्या फायबरच्या हलमध्ये आत टॉर्च लावला की कुठे तडा आहे ते बाहेरून स्पष्ट दिसतं, हे प्लास्टिकमध्ये होत नाही.

लाकडाचे पट्टे लावून केलेला हल आतून-बाहेरून इपॉक्सीने बंद केलेला असेल तर काळजी नाही. आतून बंद केला नसेल तर लाकूड पाणी पीत राहतं आणि वजन वाढत जातं.

कार्बन कडक आणि हलका, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. कार्बन रेडिओ सिग्नल अडवतो, म्हणून अँटेना हलच्या बाहेर काढावी लागते. आणि कार्बनला ॲल्युमिनियम चिकटून असेल आणि वर खारं पाणी पडलं तर ॲल्युमिनियम पांढरी पावडर होऊन झडतं.

आत पाणी शिरतं ते नेमकं कुठून? माझ्या बोटीत दर वेळी थोडं सापडतं

थोडं सगळ्यांच्याच बोटीत सापडतं. पण सव्वा किलोच्या बोटीत १०० मिली पाणी शिरलं तर तिच्या वजनात ८ टक्के भर पडली, आणि ते पाणी एका जागी बसत नाही, बोट कलली की तेही त्याच बाजूला धावतं. बोट आज जड चालतेय, नाक खाली घालतेय असं वाटलं की आधी बाहेर काढून पाणी ओता.

शिरायच्या जागा ठरलेल्या असतात. वरचं झाकण सगळे तपासतात, तिथे चिकट पट्टी किंवा रबरी रिंग असते. पण खरी चोरटी जागा म्हणजे शिडांच्या दोऱ्या जिथून डेकमधून आत जातात ती भोकं, कारण दोरी सतत आत-बाहेर होते आणि प्रत्येक वेळी ओली आत जाते. चांगल्या डिझाइनमध्ये दोरी उंच नळीतून काढलेली असते किंवा विंचची दोरी पूर्ण डेकच्या वरच फिरवलेली असते. मग सुकाणूची नळी. तिचं वरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर हवं, थेट डेकपर्यंत गेलेली असेल तर उत्तमच, आणि नळीत थोडं सिलिकॉन ग्रीस भरलं की पाणी वर चढत नाही. सुकाणूचा रॉड डेकमधून बाहेर येत असेल तर त्यावर रबरी घडीची टोपी असते, ती एखाद्या सीझननंतर चिरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शेवटची जागा कीलची पेटी, तिथे केसासारखा तडा पडला तरी पाणी झिरपत राहतं.

शोधायची पद्धत सोपी आहे. बोट आतून पूर्ण कोरडी करा, टिश्यू पेपरचे तुकडे पुढे, मधे, मागे, कीलच्या पेटीजवळ असे टाका, झाकण बंद करून टबात अर्धा तास दाबून कलती ठेवा, मग उघडून बघा कुठला तुकडा आधी ओला झाला. वेगवेगळ्या बाजूला कलवून परत करा. कंटाळवाणं काम आहे पण अंदाजाने सगळीकडे सिलिकॉन फासत बसण्यापेक्षा फार बरं, आणि सिलिकॉन फासलेल्या जागेवर नंतर इपॉक्सी किंवा रंग धरत नाही हेही आहेच.

पूर्ण पाणी भरलं तर बुडते का?

खाली शिसं आहे, बुडणारच, जोपर्यंत आत तरंगणारं काही भरलेलं नाही. चार किलोची बोट पाण्याने भरली तरी वर राहावी असं वाटत असेल तर साधारण तीन लिटर जागा फोमने किंवा बंद हवेने भरलेली हवी, कारण शिसं स्वतःच्या आकाराएवढं पाणी फारच थोडं बाजूला सारतं. सव्वा किलोवाल्या बोटीला एक लिटरच्या आसपास पुरतं. बारीक बंद कप्प्यांचा फोम कापून नाकात आणि मागच्या टोकात खुपसा. फुगणारा स्प्रेवाला फोम टाळा, तो फुगताना पातळ हलचा आकार बिघडवतो आणि पुढे पाणी धरून ठेवतो.

कील आणि बल्ब बघताना काय बघायचं?

बोट आडवी धरा, बल्ब हलवा. फिन थोडी वाकली तर हरकत नाही, पण फिन हलमध्ये जिथे घुसते तिथे खटखट जाणवली तर ती खटखट वाढतच जाणार आणि एक दिवस पेटी फाटणार. फिन काढता येणारी हवी, एका नटवर किंवा स्क्रूवर, नेणं-आणणं सोपं होतं. बल्ब शिशाचा असावा. शिशाची घनता ११.३ च्या आसपास आणि लोखंडाची ७.८, म्हणजे तेवढ्याच वजनाला लोखंडाचा बल्ब खूप मोठा होतो, पाणी जास्त अडवतो, वर गंजतो. शिसं हाताळून झाल्यावर हात धुवा, आणि उघडं शिसं असेल तर रंग किंवा इपॉक्सीचा थर द्या.

जोराच्या वाऱ्यात काय तुटतं?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं समजतं. त्याच बोटीला त्याच शिडांवर दामटत राहिलं तर आधी दोऱ्यांच्या गाठी सुटतात, मग डेकवरचे हूक उपटतात, मग विंचचे गिअर जातात.

म्हणून चांगल्या क्लासमध्ये शिडांचे वेगवेगळे सेट असतात. आयओएमला तीन, लेझरला चार, डीएफ ६५ ला मोठ्याकडून लहानाकडे ए प्लस, ए, बी, सी. वाऱ्याकडे पाठ करून जाताना नाक पाण्यात घुसायला लागलं आणि सुकाणूचं ऐकेनासं झालं की लहान सेट लावायची वेळ झाली. टिकाऊ बोट हवी असेल तर पहिली ज्यादा खरेदी बी सेटची करा, रंगीत शिडांची नको.

शिडं आणि दोऱ्या कशाच्या असाव्यात?

पातळ फिल्मची शिडं आकार छान धरतात पण घडी पडली की ती कायमची, आणि घडीवरच पुढे चीर जाते. कापडी शिडं मार खातात पण हळूहळू ताणली जाऊन पोटाडी होतात. रोजच्या वापराला, मुलांच्या हातात जाणार असेल तर कापडी, नाहीतर फिल्म. दोन्ही गुंडाळून किंवा सपाट ठेवायची. फडफड हा शिडांचा खरा शत्रू आहे, बोट काठावर उभी असताना शिडं वाऱ्यात फडफडत ठेवू नका, आडवी करा.

दोऱ्यांसाठी विणलेली डायनीमा (एक मजबूत कृत्रिम दोरी), कारण ती ताणत नाही आणि पाणी पीत नाही. गाठीवर इन्स्टंट ग्लूचा एक थेंब. जिथे दोरी धातूच्या भोकातून घासते तिथे दर काही दिवसांनी नखाने चाचपून बघा, केस उभे राहिलेले जाणवले की बदला.

शिडं ओढायला आर्मवाला सर्वो चांगला का ड्रमवाली विंच?

आर्म, म्हणजे सर्वोवर फिरणारी दांडी, साधा, काही अडकत नाही, दुरुस्ती सोपी. ड्रमवाली विंच जास्त दोरी ओढू शकते आणि ताकदही जास्त देते. हिशोब बघा, १० किलो-सेंटीमीटरचा सर्वो आणि १० सेंटीमीटरचा आर्म असेल तर टोकाशी ओढ फक्त १ किलोची, तोच टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, २ सेंटीमीटर त्रिज्येच्या ड्रमवर ५ किलो ओढतो. पण मंद वाऱ्यात दोरी सैल पडली की ड्रमवरून निसटून गुंतते, म्हणून त्या दोरीला इलॅस्टिकचा ताण हवाच. लहान बोटीला आर्म, मीटरवाल्याला विंच. दोन्हीकडे गिअर धातूचे असलेले बघा.

तळ्याच्या मध्यात सिग्नल गेला तर?

आताचे सगळे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचे, आणि ही फ्रीक्वेन्सी पाण्यातून जवळजवळ जातच नाही. रिसीव्हरच्या अँटेनाचा शेवटचा ३ सेंटीमीटरचा तुकडाच खरं काम करतो, तो पाण्याच्या पातळीच्या वर, डेकच्या खाली लागून हवा. दोन अँटेना असतील तर एकमेकींना काटकोनात. अर्ध्या अडचणी एवढ्यानेच जातात. फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेल्यावर सर्वोने आपोआप काय करायचं ते, सेट करून ठेवा, शिडं सैल, म्हणजे सिग्नल गेला तरी बोट वाऱ्याबरोबर वाहत पलीकडच्या काठाला येईल. तिथे जाऊन थांबा. बोटीसाठी अनोळखी पाण्यात उतरू नका, अजिबात नाही. मासेमारीच्या गळाला टेनिस बॉल बांधून तो बोटीच्या पलीकडे टाकून ओढून आणता येतं.

बॅटरी कोणती?

निकेल मेटल हायड्राइड जड पण माफ करणारी, पाणी लागलं तरी सहसा नाटक करत नाही, पाच सेलची ६ व्होल्ट. लिथियम फेरो ६.६ व्होल्टची, हलकी आणि बरीच सुरक्षित, माझी शिफारस हीच. लायपो (लिथियम पॉलिमर) ७.४ व्होल्ट म्हणतात पण फुल चार्जला ८.४ असते, ६ व्होल्टचे सर्वो तिच्यावर थेट लावले तर जळतात, आणि खाऱ्या पाण्यात भिजलेली लायपो घरात चार्जिंगला लावणं खरंच धोक्याचं. भिजली, फुगली तर बाद करा.

समुद्रात किंवा खाडीत चालवली तर चालेल का?

चालेल, पण दर वेळी, कंटाळा आला तरी, गोड्या पाण्याने धुवायची. बाहेरून, आणि आत खारं गेलं असेल तर आतूनही, मग उघडी ठेवून सुकवायची. स्क्रू आणि हूक ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, ३०४ ला खाऱ्यात तांबूस डाग पडतात. स्विच आधी जातो, म्हणून कित्येक जण स्विच काढून थेट प्लग जोडतात, मीही तेच सांगेन.

सेकंडहँड घ्यावी का?

जरूर, रेसवाल्या क्लासची असेल तर. झाकण उघडून आधी वास घ्या, कुबट वास म्हणजे ओली ठेवलेली. बॅटरीच्या वायरीचं टोक थोडं सोलून बघा, तांबं काळं पडलं असेल तर सगळं वायरिंग बदलायचा खर्च धरा. सुकाणूचा आर्म धरून पातं हलवा, ढिलेपणा किती ते कळेल. नाकावरचा मऊ बंपर आहे का बघा. सर्वो आणि शिडं संपलेली असणारच असं गृहीत धरून भाव करा. हल, कील आणि डोलकाठी सरळ असेल तर घ्या.

थ्रीडी प्रिंट केलेली बोट टिकते का?

छोटे पार्ट उत्तम, अख्खा हल जपून. पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, उन्हात बंद गाडीत ठेवलेला हल वाकडा होऊ शकतो. एएसए हे दुसरं प्लास्टिक उन्हात टिकतं. थरांच्या मधून पाणी झिरपतं, म्हणून आतून-बाहेरून इपॉक्सीचा हात हवाच.

घरी ठेवताना?

झाकण उघडं, बूच काढलेलं, बॅटरी बाहेर, दोऱ्यांचा ताण सोडलेला. बोट स्टँडवर ठेवा, फिनवर वजन येऊ देऊ नका.